डावीकडचं स्टूल

माझा डावा हात आता बरा आहे. म्हणजे साडीला पिन लावता येते, भाकरी थापता येते, फक्त कप हातात दिला तर तो हातात आहे की नाही हे बघून घ्यावं लागतं. भेटायला येणारे लोक हाताचीच चौकशी करतात. "थोडक्यात निभावलं बाई," म्हणतात, चहा पितात आणि जातात. हातापुरतंच लिहायचं असतं तर मी लिहिलंच नसतं. गोळ्या चुकवू नका, मीठ कमी खा, पायी फिरा, हे सांगायला आमच्या गावात घरटी एक डॉक्टर आहे.

मी लिहिते आहे ते मेंदूचा झटका आलेल्या माणसाच्या खाटेजवळ जे बसतात त्यांच्यासाठी. तुम्ही खाटेच्या कुठल्या बाजूला बसलाय, ते आधी बघा. मला हे कुणी सांगितलं नाही, माझ्या माणसांनाही कुणी सांगितलं नाही. आणि मी कोण? मुरुमच्या ज्युनिअर कॉलेजात एकोणीस वर्षं मानसशास्त्र शिकवणारी बाई. मेंदू, संवेदना, झोप, स्मृती, सगळे धडे तोंडपाठ. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फारसं नाही.

०

झटक्याच्या आधी नऊ दिवस आमच्या घरात अबोला होता.

आमचे हे, म्हणजे गुरुनाथ, मुरुमच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवतात. माणूस फार कमी बोलतो. दिवसभर भांड्यांचा खणखणाट ऐकतो, घरी तरी शांतता असू द्या, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणून झालं की त्या दिवसाचं बोलणं संपलं. असा माणूस नणंदेच्या मुलाच्या साखरपुड्यात पंगतीला बसला होता. शेजारचे पाहुणे मला म्हणाले, "बाई, तुम्ही तर मनातलं ओळखत असाल." मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "साऱ्या तालुक्याच्या पोरांना मन शिकवतात. घरात कोण रुसलं, कोण उपाशी झोपलं, ते काय ह्यांना कळत न्हाय."

सगळी पंगत हसली. वाढपी हसला. मीही हसले, कारण चारचौघांत दुसरं काय करणार? घरी येताना मोटारसायकलवर मी बोलणं बंद केलं.

अबोल्याचे आमचे नियम होते. ताट वेळेवर वाढायचं. समोरासमोर आलं की मान दुसरीकडं वळवायची. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं. "कुणाला चहा पाहिजे असेल तर ठेवलाय." "कुणाचा तरी शर्ट इस्त्रीवाल्याकडं पडलाय." आम्हाला मूलबाळ नाही, सासू-सासरे गेलेले. अबोला मोडायला घरात तिसरं माणूस लागतं, ते आमच्याकडं नव्हतं. मागं एकदा आम्ही एकवीस दिवस काढले होते. त्यामुळं नऊ दिवसांचं मला काही वाटत नव्हतं, उलट आणखी आठवडाभर तरी ताणायचं मी ठरवलं होतं.

०

त्या सकाळी आंघोळ करून मी पूजेला बसले. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, म्हणजे करडगीतून, इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा, पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि मग त्याच्यावर नजर लावून बसायचं. समज आल्यापासून मी हे रोज करते. डावा हात हाच आमचा देव्हारा.

हे दारात उभं राहून दाढी करत होते. एकदम म्हणाले, "अगं, लिंग पडलं."

नऊ दिवसांतले पहिले शब्द. मी मनातून खूश झाले. म्हटलं, आले गुडघे टेकायला! पण बहाणा बघा कसला काढलाय. लिंग हातातून पडणं ही आमच्यात थट्टेची गोष्ट नाही, घरावर संकट आल्यासारखी माणसं घाबरतात. मला तर हात छातीसमोर दिसत होता. हातावर लिंग होतं, आणि मी त्याच्याकडं बघत होते.

"लिंग पडलं म्हणायलोय. ऐकायलीस का?"

मी ढिम्म. मग खाली वाकल्याचा, करडगीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग खुंटीवरून दुकानाची किल्ली काढली गेली आणि चपला वाजल्या.

खरं काय होतं ते मला सात-आठ आठवड्यांनी समजलं. माझा डावा हात मांडीवर गळून पडला होता. लिंग पाटाखाली गेलं होतं. आणि मी तोंड उजवीकडं वळवून भिंतीकडं बघत बसले होते. त्यांनी लिंग उचललं, कपाळाला लावलं, माझ्या करडगीत ठेवलं, आणि माझं फिरवलेलं तोंड बघून दुकानात गेले. नऊ दिवस मी तेच तोंड दाखवत होते. दहाव्या दिवशी ते आजाराचं आहे, हे त्या माणसानं कशावरून ओळखायचं?

दोन तासांनी शेजारच्या सुलोचनाकाकू विरजण मागायला आल्या, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या चौकटीशी पडलेली होते. दूध करपलं होतं. डावा खांदा चौकटीला तीनदा आपटल्याच्या खुणा अंगावर होत्या, एकदाही मला लागल्याचं आठवत नाही.

०

उमरग्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सोलापूरला न्या म्हणाले. सोलापुरात एकानं विचारलं, "हे सुरू कधी झालं?" "सकाळी. पूजेच्या टायमाला," असं कुणीतरी म्हणालं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच आणलं असतं तर..." आणि वाक्य तिथंच सोडून दुसऱ्या पेशंटकडं गेले. डॉक्टरांची अशी अर्धी वाक्यं पेशंटच्या घरी वर्षानुवर्षं मुक्कामाला राहतात.

माझी वाचा शाबूत होती. नाव, गाव, तारीख, सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरला आणि उजव्या बाजूचा डाग दाखवला. मी पटकन म्हणाले, "उजवा अर्धगोल शरीराची डावी बाजू सांभाळतो." ते म्हणाले, "वा मॅडम!" एका गुणाचा प्रश्न. दरवर्षी येतो. मग त्यांनी विचारलं, "डावा हात उचला बरं." मी उचलला. "उचलला?" "उचलला की." हात गादीवरच होता. मी त्यांना खोटं बोलत नव्हते. मला तो वर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी नर्सला दटावलं की माझ्या खाटेवर कुणाचा तरी हात आहे, तो काढा. गार, जड, बांगड्या घातलेला हात. माझीच बांगडी ओळखली मी, आणि म्हटलं, माझी बांगडी हिनं का घातली? नर्स हसली. मग मी रडले. ती भीती मला नीट लिहिता येणार नाही. झोपेचा धडा शिकवताना मी मुलांना सांगायचे की स्वप्नात आपल्याला काही विचित्र वाटत नाही, जागं झाल्यावर वाटतं. मी जागीच होते, आणि मला काहीही विचित्र वाटत नव्हतं.

०

दवाखान्यात पहाटे पाचला दिवा लागायचा. ताप, बीपी, सुई. सहाला झाडणारी बाई. तिचं नाव मला शेवटपर्यंत समजलं नाही, पण ती रोज माझी वेणी घालायची, न सांगता, फरशी पुसून झाल्यावर हात धुऊन. आठला डॉक्टर, दीड मिनिट. मग दिवसभर छताचा पंखा.

माझ्या उजव्या हाताला दार होतं आणि दाराशी खुर्ची. खुर्चीवर माझा धाकटा भाऊ असायचा, त्याचं नाव बसू. अणदूरला असतो, शेती करतो, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याची बायको मंगल डबा घेऊन यायची, तीही उजवीकडं. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उजवीकडं. नर्सा उजवीकडून यायच्या. माझ्या डावीकडं काहीच नव्हतं. डावीकडं काही नाही, असंही मला वाटत नव्हतं. डावीकडं म्हणून काही असतं, हेच मी विसरले होते.

आणि हे आले नव्हते.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. विचारावं तर अबोला. नऊ दिवस ताठ राहून आता खाटेवरून "हे आले नाहीत का" म्हणायचं? मेले तरी विचारणार नव्हते. तिसऱ्या दिवशी मंगलच म्हणाली, "दाजी बसलेत की." मी दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. म्हटलं, खाली कुठं तरी चहाच्या टपरीवर बसले असतील. वर यायला पाय जड झालेत. ही बिचारी पांघरूण घालतेय.

तेव्हापासून मी भिंतीला सांगायला सुरुवात केली. "ज्याला यायचं तो आला, ज्याला नाही यायचं त्याला दुकान आहे." "माणूस मरायला टेकलं तरी काही जणांना वेळ होत नाही." बसू म्हणायचा, "असू दे गं अक्का, आता कशाला?" मंगल खाली बघायची. मला वाटायचं, माझी कीव करतायत.

हे काय चाललं होतं ते आता सांगते. खाटेच्या डाव्या बाजूला खिडकी होती, खिडकीखाली लोखंडी स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर अकरा दिवस माझा नवरा बसलेला होता. दीड हाताच्या अंतरावर. माझा प्रत्येक टोमणा त्यांनी समोर बसून ऐकला.

तुम्ही म्हणाल, आवाज तर येत असेल? येत होता. ते विचारायचे, "पाणी पाहिजे का?" मला पाणी विचारल्याचं समजायचं, पण ते उजवीकडून आल्यासारखं वाटायचं. मी खुर्चीकडं वळून म्हणायचे, "दे बसू, तुला तरी काळजी आहे." बसू गोंधळून पाणी द्यायचा. चार-पाचदा असं झाल्यावर त्यांनी विचारणं सोडलं. आणि मी त्यांना दोष देणार नाही. आपण पाणी विचारावं आणि बायकोनं तोंड फिरवून भावाचे आभार मानावेत, हे कोण किती दिवस सहन करेल?

०

दवाखान्याच्या जेवणावर माझा एक राग होता. भात आणि वरण द्यायचे, भाजी द्यायचेच नाहीत. मी बसूला सांगायचे तक्रार कर म्हणून. मग कधीतरी ताट आपोआप फिरायचं आणि भाजी यायची. पोळीही यायची. मला वाटायचं मंगलनं आणून वाढली. ताट हे फिरवायचे. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी बघितलं की ही निम्मंच ताट खाते, निम्मं सोडते. त्यांनी कुणाला न विचारता ताट फिरवून दिलं. एकोणीस वर्षं धडे शिकवलेल्या बाईला जे समजलं नाही ते भांडी विकणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी समजलं. पण ताट फिरवणाऱ्याला आपलं स्टूल उचलून उजवीकडं ठेवायचं सुचलं नाही. भाजी दिसत नाही म्हणजे नजरेचा दोष, आणि नवरा दिसत नाही म्हणजे राग. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

आणखी एक राग होता, तो मोठा. अकरा दिवस माझी लिंगपूजा झाली नाही. मी बसूला म्हटलं, "एवढं पाप कुठं फेडू?" तो म्हणाला, "होतेय की रोज." मी म्हटलं, मला लहान पोरासारखं समजावू नको.

रोज सकाळी आठच्या आत, डॉक्टर यायच्या आधी, हे माझा डावा हात उचलायचे. खालून आपल्या तळहातानं पेलून धरायचे. करडगीतून लिंग काढून माझ्या तळहातावर ठेवायचे, पाणी, विभूती, बेलपान सगळं करायचे. पान सोलापुरात कुठून आणायचे कोण जाणे. नंतर तसेच हात पेलून बसायचे, जितका वेळ मी घरी बसते तितका वेळ. मंगल म्हणाली, त्यांचा हात भरून यायचा तरी खाली ठेवायचे नाहीत. मी तेव्हा उजवीकडं बघून पलीकडच्या म्हातारीला सांगत असायचे की नवऱ्याची जात अशीच.

०

सोडायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "डाव्या बाजूत अशक्तपणा आहे. व्यायाम करा. बाकी मॅडम हुशार आहेत." बाकीचं काही बोलले नाहीत. दीड मिनिटात बोलणार तरी किती?

"घरी चलतीस का?"

हे वाक्य मला आठवतं. मी बसूकडं बघून म्हणाले, "मुरुमला कशाला? तिथं माझं कोण बसलंय? अणदूरला चल." बसू गप्प झाला. तो गप्प बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तरी मला समजायला हवं होतं. विचारणारे हे होते. ते खाली गेले, आमचं सामान बसूच्या गाडीत ठेवलं आणि एसटीनं एकटे मुरुमला गेले.

अणदूरला मी सहा आठवडे होते. अणदूरचा देव वर्षातले काही दिवस नळदुर्गला असतो, तो तेव्हा तिकडं गेलेला, म्हणून गाव निवांत. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगितलं की माझा नवरा अकरा दिवसांत एकदाही फिरकला नाही. चवीनं सांगितलं. दहाव्या बाईला सांगताना मी आवाज कुठं खाली घ्यायचा तेही ठरवलं होतं. अणदूरहून मुरुमला गोष्ट जायला किती वेळ लागतो? दुकानात गिऱ्हाइकं त्यांना विचारायला लागली. माझ्या चुलतभावानं भर बाजारात त्यांची लाज काढली. ते म्हणाले, "बरं," आणि डबे पुसत राहिले.

०

नळदुर्गहून आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. पंचवीसच्या आतली, स्कूटीवर, फटकळ. दोन आठवडे तिनं हात-पाय हलवून घेतले. एके दिवशी माझ्या कपाळाकडं बघून म्हणाली, "बाई, कुंकू कुठं लावलंय?" मी म्हटलं, कपाळावर. "उजव्या भुवईवर लावलंय. आणि केसही निम्मेच विंचरलेत." तिनं वहीचं पान काढलं. "घड्याळ काढून दाखवा."

मी गोल काढला, बाराचे बारा आकडे लिहिले. छान आलं होतं. तिनं वही उलटी फिरवली. बाराही आकडे एका बाजूला कोंबलेले. उरलेला अर्धा गोल कोरा. मी त्या कोऱ्या अर्ध्याकडं बघत राहिले. तो मघाशी नव्हता.

"तुम्हाला डावी बाजू समजतच नाही बाई. दिसते, पण मेंदू दखल घेत नाही. दवाखान्यात कुणी सांगितलं नाही का?"

आणि मला ते पान आठवलं. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतलं जाड संदर्भपुस्तक, मेंदूचं प्रकरण, खाली बारीक अक्षरात चार ओळी. परीक्षेला येत नाही म्हणून मी दरवर्षी ते पान उलटायचे. मुलांनाही सांगायचे, हे सोडून द्या.

मुलीनं सहज विचारलं, "तुमच्या डावीकडं कोण बसायचं तिथं?"

"कुणी नाही. डावीकडं भिंत होती."

मंगल हुरडा पाखडत बसली होती. तिचे हात थांबले. "भिंत कुठली अक्का? खिडकी होती. खिडकीपाशी दाजी बसायचे."

"कधी?"

"कधी म्हणजे? अकराबी दिवस. रातीबी तिथंच."

मग तिनं ताटाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, पूजेचं सांगितलं. मी बसूला हाक मारली आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "तुला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीस? मुका झाला होतास?"

तो म्हणाला, "मला वाटलं तू टोमणे मारायलीस. तुझे टोमणे आमाला नवे हायत का अक्का?"

 

०

दुसऱ्या दिवशी मी बसूला गाडी काढायला लावली आणि थेट दुकानात गेले. हे स्टीलचं पातेलं पुसत होते. मी समोर उभी राहिले, मान मुद्दाम फिरवत त्यांना पूर्ण बघितलं. दाढी वाढलेली. शर्टाचं एक बटण नव्हतं. मी घड्याळाचं पान काउंटरवर ठेवलं आणि सगळं सांगितलं, मेंदूपासून सुरुवात करून, जसं वर्गात सांगते तसं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे आजारामुळं मी दिसलो न्हाय."

"हो."

"बसू दिसला."

"तो उजवीकडं होता."

"नर्स दिसली. ती म्हातारी दिसली."

"त्याही उजवीकडं."

"मीच तेवढा डावीकडं," ते म्हणाले, आणि पातेलं फडताळावर ठेवलं.

"तुम्ही हात धरून सांगायचं होतं, मी इथं आहे म्हणून!"

"लिंग पडलं म्हणून सांगितलं की. दोनदा. तवा तू तोंड फिरवलंस. मग मी दुकानात निघून आलो." त्यांनी फडक्याची घडी घातली. "तवा थांबलो असतो तर..."

त्यांनीही वाक्य अर्धंच सोडलं. दोन महिने ते अर्धं वाक्य घेऊन हा माणूस एकटा भाकरी खात होता. त्यांना वाटत होतं, मी त्या दोन तासांची शिक्षा देतेय आणि ती त्यांनी भोगायलाच पाहिजे. म्हणून बाजारात कुणी काही म्हटलं तरी "बरं."

एक बाई कढई मागायला आली. त्यांनी तीन कढया काढून दाखवल्या. ती गेल्यावर म्हणाले, "साऱ्या गावाला सांगितलंस मी आलो न्हाय. आता काय सांगशील, आला होता, मलाच दिसला न्हाय? लोक हसतील."

मी सांगितलं. प्रत्येक बाईला फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असतंय का असं कुठं? जाऊ द्या बाई, संसार आहे, झाकावं लागतं." ह्या बायकांनी आधीची खोटी गोष्ट एका घोटात गिळली होती. खरी कुणाच्याच गळी उतरली नाही. आणि यांनी तरी विश्वास ठेवला का, मला माहीत नाही. घड्याळाचं पान त्यांनी गल्ल्यावरच्या देवांच्या फोटोमागं ठेवलंय, एवढं खरं.

०

मी मुरुमला परत आले त्याला आता वर्ष होऊन गेलं. कॉलेजात जाते. मेंदूच्या धड्याला ते बारीक अक्षरातलं पान मोठ्यानं वाचते, परीक्षेला येवो न येवो. डावी बाजू आता बरीचशी परत आलीये. थकले की जाते. हाताला मात्र स्पर्श समजत नाही. फिजिओवाली मुलगी म्हणते, तो कदाचित येईल, कदाचित नाही. निदान तिनं वाक्य पुरं केलं.

हे घरात नेहमी माझ्या उजवीकडं बसतात. जेवताना, टीव्ही बघताना, देवळात. मी सांगितलं, आता डावीकडचं दिसतं मला. ते "हां" म्हणतात आणि वळसा घालून उजवीकडंच येतात. आधी खाकरतात, मग बोलतात. पावणेदोन हात लांब बसतात. अबोला नाही आमच्यात, रोज बोलतो. चहा घेतला का, गोळी घेतली का. कुणालाही विचारावं इतकंच. कधीकधी मला त्या एकवीस दिवसांच्या अबोल्याची आठवण येते. त्यात राग होता, पण माणूस आपला होता.

पूजेला बसले की लिंग तळहातावर ठेवते आणि नजर हटू देत नाही. नजर हटली की हात कलतो. मागच्या सोमवारी दोनदा कलला. हे दारात दाढी करत होते. मी म्हणाले, "अहो, जरा धरता का? दवाखान्यात धरायचात तसा."

त्यांनी वस्तरा थांबवला. 

"तवा तू बघत नव्हतीस," ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. साखरपुड्यात पंगतीत ते जे बोलले होते ते आठवलं, आणि पहिल्यांदाच ते खरं वाटलं. घरात कोण उपाशी झोपलं ते मला कळत नव्हतं.

मी मान उजवीकडं वळवली. भिंतीकडं. दवाखान्यात बघायचे तशी. आणि तशीच बसून राहिले.

काही समजलं नाही. हात कुणी धरला की नाही, धरला तर किती वेळ, काही नाही. नळाचं पाणी वाजलं. नंतर खुंटीवरची किल्ली वाजली, चपला वाजल्या. मग मी वळून बघितलं. हात मांडीवर सरळ ठेवलेला होता. लिंग तळहातावर होतं, त्याच्यावर ओली विभूती होती, मी लावली नव्हती ती. आणि माझ्या मनगटाला दाढीचा साबण लागला होता.